गाडी वाजू लागली म्हणजे

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेला, जेथे १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने मिठागरे, भातखाचरे आणि खाजणे संपादून नवी मुंबई वसविण्यास आरंभ केला, तेथे तुर्भ्याच्या हद्दीत मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आहे. कांदा-बटाटा, मसाले, धान्य, फळे आणि भाजीपाला यांचा मुंबईतील घाऊक व्यापार गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने येथे हलविण्यात आला. तेव्हापासून नारायणगाव, संगमनेर, लासलगाव या बाजूंनी रात्रभर घाट उतरून आलेले ट्रक येथे रिकामे व्हावेत, आणि उजाडण्यापूर्वी तोच माल दादर, घाटकोपर, ठाणे, पनवेल येथील किरकोळ बाजारांकडे लहान गाड्यांनी मार्गस्थ व्हावा, असा नित्यक्रम पडून गेला आहे. या लहान गाड्यांना, मग त्या कोणत्याही कारखान्याच्या असोत, आपल्याकडे सरसकट टेम्पोच म्हणतात. १९५८ साली फिरोदियांनी स्थापिलेल्या बजाज टेम्पो या उद्योगाचा तो ठसा आहे. आज बाजारातील टेम्पोंच्या ओळीत मुख्यत्वे दोन जाती दिसतात. एक २००५ साली निघालेली, लोकांनी जिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले ती टाटा एस. आणि दुसरी तिच्याहून दांडगी, सव्वा-दीड टन माल सहज वाहणारी महिंद्राची बोलेरो पिकअप.

या गाड्यांचा चालक पुष्कळ वेळा स्वतःच मालक असतो. गाडी कर्जावर घेतलेली, दरमहा हप्ता ठरलेला, आणि गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे बुडालेच म्हणून समजावे, अशा स्थितीत इंजिन एका सकाळी एकाएकी मोठ्याने वाजू लागले, तर त्या माणसाच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक होय. अशा वेळी माणसे दोन टोके गाठतात. कोणी आवाजाकडे काणाडोळा करून गाडी तशीच दामटतो, तर कोणी घाबरून पहिल्याच गॅरेजात इंजिन खोलावयास परवानगी देऊन बसतो. दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही की आवाज जितका मोठा, तितका बिघाड मोठा. ही समजूत निखालस चुकीची आहे. इंजिनाच्या बाबतीत बहुधा याच्या उलटच अनुभव येतो: कानठळ्या बसविणारा आवाज एखाद्या गंजलेल्या नळीचा निघतो आणि तासाभराच्या कामात मिटतो, तर ज्या दोषाने सबंध इंजिनाची राखरांगोळी व्हावयाची, तो प्रारंभी इतका दबका बोलतो की गाडीतला रेडिओ चालू असला तरी तो झाकला जावा. म्हणून आवाज किती मोठा आहे हे विचारण्यापूर्वी तो केव्हा येतो, कोठून येतो आणि इंजिनाच्या कोणत्या हालचालीशी बांधलेला आहे, हे विचारले पाहिजे.

आता डिझेल इंजिनाचा स्वाभाविक आवाज कोणता हे ठाऊक असल्यावाचून अस्वाभाविक आवाज ओळखता येणार नाही. रुडॉल्फ डिझेल याने १८९२ साली ज्या इंजिनाच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यात ठिणगीला स्थानच नाही. केवळ हवा सिलिंडरात कोंडून इतकी दाबावयाची की तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर जावे, आणि त्या तप्त हवेत इंधनाचा फवारा सोडावा, म्हणजे ते आपोआप पेटते. परंतु फवारा सुटण्याच्या आणि प्रत्यक्ष पेट घेण्याच्या क्षणांमध्ये अल्पसा विलंब राहतो. त्या विलंबात साचलेले इंधन एकदम भडकते, सिलिंडरातील दाब झटक्याने चढतो, आणि त्या आघाताने सारा बीडाचा सांगाडा थरारतो. डिझेलची ओळखीची खड्खड ती हीच. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने विहिरींवर बसली, तेव्हापासून मराठी शेतकऱ्याच्या कानाला ती परिचित आहे. अलीकडील कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत मुख्य फवाऱ्याच्या आधी इंधनाचा एक अत्यल्प शिंतोडा सोडून दाब हळू चढविण्याची तजवीज केलेली असते, त्यामुळे ही इंजिने जुन्यांच्या मानाने सौम्य वाजतात. जुन्या गाडीवर हयात घालविलेल्या चालकाने नव्या गाडीच्या सौम्यपणावर, किंवा नव्या गाडीवर शिकलेल्याने जुनीच्या खड्खडीवर शंका घेण्याचे कारण नाही.

यापुढे थोडे गणित करावे लागते, पण ते सोपे आहे. इंजिन बिनभाराने संथ चालत असता, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘स्लो’वर असता, क्रँक मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला तेरा-साडेतेरा. चार ठोक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. त्यामुळे बोलेरो पिकअपच्या चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला सुमारे २७ ज्वलने होतात, आणि पहिल्या टाटा एसच्या ७०२ घनसेंटिमीटरच्या दोन सिलिंडरांत जेमतेम १३. सत्तावीस ठोक्यांची एकसंध गुरगुर होते. तेरा ठोके थोडे सुटे ऐकू येतात, म्हणून छोटा हत्ती निरोगी असतानाही धडधडतो. आता एखादी व्हॉल्व्ह घ्या. तीही दोन फेऱ्यांमागे एकदाच उघडते, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. ही गती इतकी मंद असते की कान ती मोजू शकला नाही, तरी गुरगुरीतून वेगळी ओळखू शकतो. एका सिलिंडराशी निगडित असलेला कोणताही दोष या सहा-सातच्या तालावर बोलतो, आणि येथेच पुष्कळ मिस्त्रींची फसगत होते. व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट सैल झाले तर टिक्-टिक् असा आवाज या तालावर येतो, आणि धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचे पॅकिंग एका सिलिंडराशी उडाले, तरी तेथून फटकारा सुटून टिक्-टिक् हा आवाज अगदी त्याच तालावर येतो. मग टॅपेट पुनःपुन्हा बसविले जातात, गिऱ्हाईक पुनःपुन्हा पैसे मोजते, आणि आवाज होता तेथेच राहतो.

म्हणून धुराच्या वाटेचा विचार प्रथम. खाडीकाठच्या या शहरात गाड्या ज्या कारणाने सर्वांत अधिक मोठ्याने वाजू लागतात ते हेच असले पाहिजे, असे मला रसायनशास्त्राच्या आधारे वाटते. एक लिटर डिझेल पूर्ण जळाले असता त्यातील हायड्रोजनपासून सुमारे एक लिटर पाणी निर्माण होते. ते वाफेच्या रूपाने सायलेन्सरातून जाते. पण सायलेन्सर पुरता तापण्याआधीच गाडी बंद झाली, तर वाफ आतल्या आत निवून पाणी साचते. तुर्भ्याहून वाशी, कोपरखैरणे, नेरूळ अशा जवळच्या फेऱ्या मारणारी, दर दहा मिनिटांनी थांबणारी भाजीची गाडी नेमकी अशीच चालते. आतून हा ओलावा, बाहेरून खाडीच्या वाऱ्यातला खारटपणा, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावरचे पाणी, यांच्या संयुक्त अंमलाखाली पत्रा दोन्ही अंगांनी गंजत जातो. पुष्कळदा बाहेरचा पत्रा शाबूत दिसतो आणि आतले पडदे, ज्यांच्यावर आपटून आवाजाची शक्ती क्षीण व्हावयाची, तेच कुजून सुटे झालेले असतात. गार सायलेन्सरावर रबरी हातोडीने हलकेच ठोकले की आतली खळखळ सारे सांगून टाकते.

धूर कोठून निसटतो हे शोधण्याचा समय म्हणजे सकाळची पहिली स्टार्ट, कारण गार धातू आकसलेला असतो आणि फट रुंद असते. इंजिन तापले की धातू प्रसरण पावून फट अंशतः मिटते व आवाज उतरतो. टॅपेटचा आवाज असा सहसा नाहीसा होत नाही. गाडी तापवून गॅरेजात नेली, तर निम्मी साक्ष वाटेतच पुसली गेलेली असते. बाजार समितीच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास जी गॅरेजे आहेत, तेथील जुना जाणता मिस्त्री हे पुरते ओळखून असतो. “मामा, इंजिन गेलं म्हणायचं का?” असे एखाद्या पोरसवदा चालकाने काकुळतीने विचारले, तर तो पान्याला हातही लावीत नाही. “कोण म्हणतो गेलं? चावी ठेवून जा. रात्रभर गार होऊ दे, आणि उद्या पहिली स्टार्ट माझ्यासमोर मार.” आणि दुसऱ्या दिवशी स्टार्ट मारताच तो चिंध्यांचा जाड बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर दाबून धरतो. तोंड अडले की धूर दुसरी वाट शोधतो, आणि जेथे फट आहे तेथे फस्स् असा आवाज स्पष्ट उमटतो. सांध्याशी काजळीचा काळा ओघळ दिसला, तर पुराव्याला काही न्यून राहिले नाही.

आवाज कोठून येतो हे ठरविण्याची मिस्त्रीची दोन साधने अगदी साधी असतात: एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर आणि एक हातभर रबरी नळी. स्क्रूड्रायव्हराचे टोक धातूला टेकवून मूठ कानामागच्या हाडाशी धरली, की ज्या भागात ठोका आहे तो भाग थेट कवटीत बोलतो. टॅपेट कव्हर, अल्टरनेटर, पाण्याचा पंप, ऑइलचे चेंबर असा क्रमाक्रमाने तो टेकवीत न्यावयाचा, आणि जेथे ठोका सर्वांत टोकदार होईल तेथे थांबावयाचे. नळीचे काम याहून वेगळे आहे. धातूचा ठोका ती सांगत नाही, हवेचा फटकारा सांगते. नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरविले असता पॅकिंग जेथे उडाले तेथे फट्-फट् असा वारा कानात शिरतो. टॅपेट कव्हरावर स्क्रूड्रायव्हर मुका आणि मॅनिफोल्डशी नळी बोलकी, असा निकाल लागला म्हणजे टॅपेटवरील आरोप रद्द. हे सर्व चालत्या इंजिनापाशी करावयाचे असल्याने गळ्यातील पंचा, सैल बाही, हातातले कडे काढून ठेवावे आणि पंख्यापासून कोपर दूर राखावे. या बाबतीत केलेली हयगय बोटे घेऊन जाते.

दोष धुराच्या वाटेतच निघाला, तर उपाय महाग नाही, पण तो अर्धवट करू नये. पॅकिंग बदलताना स्टड गंजाने जखडलेले असतात आणि जोर केला की तुटतात. त्यांना आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल पाजून ठेवावे, आणि मॅनिफोल्डचे तोंड वाकले असेल तर ते सपाट घासून घेतल्याखेरीज नवे पॅकिंग चढवू नये, नाहीतर ते महिन्याभरात पुन्हा उडेल. फुटलेल्या नळीवर वेल्डिंगचे ठिगळ चालते, मात्र भोवतालचा पत्रा बोटाने दाबल्यास दबणारा नसावा. गाडीवरच वेल्डिंग करावयाचे असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम सोडवावी, कारण त्या प्रवाहाने इंजिनाचा संगणक जळू शकतो. जोडणीनंतर गाडी एकदा पुरती तापवून, गार करून, सर्व नट पुन्हा आवळावे. धुराची गळती केबिनच्या खाली असेल, तर मात्र तिला केवळ आवाजाचा प्रश्न समजू नये. त्या धुरातील विषारी वायू चालकाच्या श्वासात जातो.

येथे एका अनिष्ट चालीविषयी बोलणे भाग आहे. सायलेन्सर कुजला की नवा बसविण्याऐवजी आतली जाळी व पडदे काढून नुसती पोकळ नळी ठेवावी, म्हणजे गाडी मोकळी होते व जोर वाढतो, असा सल्ला दिला जातो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असे बजावतो. आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. डेसिबलची मोजणी सरळ चढत नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, दहा वाढले की दसपट. त्यामुळे पहाटे चार वाजता सानपाड्याच्या किंवा कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीखालून पोकळ नळीची एक गाडी गेली, तरी दिवसभर पोती वाहून नुकतीच कोठे झोप लागलेली माणसे जागी होतात. या माणसांच्या झोपेची किंमत मी गाडीच्या काल्पनिक जोरापेक्षा किती तरी अधिक मानतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत धुराच्या वाटेवरच काजळी गाळणारी चाळणी आणि तिचा दाब मोजणारे संवेदक बसविलेले असतात. तेथे कापाकापी केली की संगणक इंजिनाची शक्तीच आखडून घेतो, आणि काल्पनिक जोर तर राहोच, असलेलाही जातो.

धुराची वाट निर्दोष ठरली, तर इंजिनाच्या बाह्य परिवाराकडे वळावे. पट्टा झिजला की चीं असा चीत्कार करतो. त्यावर थोडे पाणी शिंपडताच आवाज क्षणभर बदलला, तर दोष पट्ट्यात किंवा त्याच्या ताणात आहे. न बदलणारी घरघर अल्टरनेटरच्या, पाण्याच्या पंपाच्या किंवा ताण देणाऱ्या पुलीच्या बेअरिंगची असते. निर्णायक परीक्षा अशी की बाहेरचा पट्टा पूर्ण उतरवून इंजिन मिनिटाहून कमी वेळ चालवावे. आवाज नाहीसा झाला, तर गुन्हेगार पट्ट्यावर चालणाऱ्या मंडळींपैकीच कोणी आहे, आणि मग इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरविली की तो सापडतो. मिनिटाची अट अशासाठी, की पट्टा उतरला म्हणजे पाण्याचा पंपही थांबतो. कोणत्याही वेगाला वाऱ्यासारखी मोठी घोंघावणारी गर्जना येत असेल, तर ज्या गाड्यांत व्हिस्कस पंखा असतो तेथे त्याचा क्लच जाम झाला असण्याचा संभव फार. हा पंखा इंजिन गार असता सैल फिरावा आणि तापल्यावरच पकड घ्यावी अशी योजना असते. तो कायमचा पकडून बसला की सतत गर्जतो व डिझेलही खातो. एअर फिल्टरचे झाकण नीट न बसणे, टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाईप चिरणे, ही कारणे चटकन दिसतात आणि चटकन मिटतात. इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर ते चेसिसमध्ये बसलेले असते ती रबरे, फाटली असता इंजिनाला काहीही झालेले नसताना सारी केबिन थडथडते. क्लच सोडताना इंजिन एका अंगाला उसळते का, एवढे पाहिले की पुरे.

यानंतर टॅपेट. ज्या इंजिनांत टॅपेट हाताने बसवावयाचे असतात, तेथे व्हॉल्व्ह आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यात मिलिमीटरच्या दशांशांत मोजावी अशी फट ठेवलेली असते. ती इंजिन गार असता मोजावी की गरम, आणि किती असावी, हे कारखान्याच्या पुस्तकात लिहिलेले असते, आणि त्याच्या बाहेर अंदाजाने जाऊ नये. ज्या सिलिंडराचे टॅपेट बसवावयाचे त्याचा पिस्टन दाबाच्या ठोक्याच्या माथ्यावर आणावा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करून फिलर गेजची पाती फटीत सरकवावी. ती किंचित ओढ लागून निघाली म्हणजे माप बरोबर, आणि लॉक नट आवळल्यानंतर तीच पाती पुन्हा घालून पाहावी, कारण नट आवळताना स्क्रू फिरतो. आता येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. टॅपेट सैल असले तर वाजते आणि त्रास देते, पण फारसे नुकसान न करता महिनोन् महिने चालते. उलट, आवाज अजिबात नको या हट्टापायी कोणी फट मापाहून कमी ठेवली, तर इंजिन कसे अगदी शांत होते. परंतु तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट उरत नाही, व्हॉल्व्ह आपल्या आसनावर पुरती टेकेनाशी होते, आणि जिच्या वाटे उष्णता बाहेर जावयाची तो स्पर्शच तुटल्यामुळे तिची कड जळून जाते. त्या वेळी हेड उतरविण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अलीकडच्या पुष्कळ इंजिनांत ही फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते. तेथे सकाळी दोन-चार सेकंद होणारी टिक्-टिक् तेल वर चढेपर्यंतची असते, आणि ती लांबत चालली तर तेलाची प्रत व पातळी तपासावी.

डिझेलची खड्खड अचानक कठोर झाली, एखाद्या सिलिंडरात कोणी हातोडा मारतो असे वाटू लागले, आणि जोडीला काळा किंवा पांढरा धूर येऊ लागला, तर संशय नोझलवर घ्यावा. नोझलचे टोक झिजले की फवारा होण्याऐवजी थेंब पडतात, ते उशिरा व एकदम पेटतात. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट क्षणभर सैल करून पाहतो. ज्या सिलिंडराचे इंधन तोडताच ठोका थांबतो, तो दोषी. ही रीत कॉमन रेलच्या गाडीवर स्वप्नातही अवलंबू नये. तेथे इंधनाचा दाब वातावरणाच्या हजार-दीड हजार पटींवर असतो, आणि सैल नटातून सुटलेली बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशा जखमेत हात गमावण्याची पाळी येते. तेथे स्कॅनरने एकेक इंजेक्टर बंद करून पाहणे हाच मार्ग.

सर्व सिलिंडर एकाच दिवशी ठोकू लागले असतील, तर नोझलला दोष देण्याआधी आदल्या दिवशी डिझेल कोठे भरले ते आठवावे. डिझेल किती तत्परतेने पेटते हे ज्या सीटेन अंकाने मोजतात, तो आपल्याकडील मानकाप्रमाणे किमान ५१ असावा लागतो. रॉकेलची भेसळ झाली की तो उतरतो, पेटण्याचा विलंब वाढतो आणि ठोका कठोर होतो. शिवाय रॉकेलात वंगणाचा गुण कमी असल्याने पंप आणि नोझल दोन्ही झिजतात. ही भेसळ किती निर्ढावलेल्या लोकांच्या हातात होती, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले, जेव्हा मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ ती उघडकीस आणण्याच्या प्रयत्नात भरदिवसा जाळून मारण्यात आले. पावती देणाऱ्या, माहितीच्या पंपावरच डिझेल भरण्याचा आग्रह धरताना त्या अधिकाऱ्याचे स्मरण मला कर्तव्य वाटते.

राहिला तो शेवटचा आवाज, आणि ज्याच्यासाठी हा सारा प्रपंच केला तोही तोच. जाड लाकडी दारावर आतून मुठीने ठोकावे तसा हा ठोका खोल आणि गोल असतो. टॅपेटसारखा वरून नव्हे, खाली ऑइलच्या चेंबरच्या बाजूने येतो. ‘स्लो’वर तो पुष्कळदा लपतो, पण घाटात भार पडला किंवा रेस देऊन एकदम सोडली की ठक् ठक् असा प्रकट होतो, आणि इंजिन तापल्यावर उतरण्याऐवजी चढतो. कनेक्टिंग रॉड क्रँकला जेथे मिठी घालतो, तेथील बेअरिंगचा हा आवाज. तेथे दोन धातूंमध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, मिलिमीटरच्या हजारांशांत मोजावा इतका पातळ, आणि सारा भार त्याच्यावर पेललेला असतो. तेलाची पातळी उतरली, डिझेल झिरपून तेल पातळ झाले किंवा पंपाचा दाब घटला, की हा पापुद्रा तुटतो आणि धातू धातूवर आपटू लागतो. नवी मुंबईत याला आणखी एक कारण घडते. हे शहर भरतीच्या रेषेच्या आसपासच्या सखल जमिनीवर उभे आहे; सिडकोने पावसाचे पाणी थोपवून धरण्यासाठी धारण तलाव खोदले असले, तरी मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की कळंबोलीसारख्या भागात रस्त्यावर पाणी चढतेच. त्या पाण्यातून गाडी काढताना हवेच्या वाटे पाणी सिलिंडरात गेले, तर पाणी दाबले जात नसल्याने रॉड वाकतो. गाडी पुन्हा सुरू होते, चालतेही, आणि काही दिवसांनी वाकलेला रॉड बेअरिंग खाऊन टाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी म्हणूनच स्टार्टर मारून चालू करण्याचा यत्न करू नये. प्रथम एअर फिल्टर उघडून तो ओला आहे का ते पाहावे.

हा ठोका ओळखला की इंजिन तत्काळ बंद करावे आणि गाडी टोचन करून न्यावी. बाजारापर्यंत तरी जाऊ, माल उतरवून मग पाहू, हा विचार क्रँकच्या जिवावर उठतो. वेळीच थांबले तर चेंबर उतरवून बेअरिंगचे शेल पाहता येतात. शेलावर ओरखडे आणि तांबूस थर दिसू लागला असला, तरी क्रँकचा पृष्ठभाग नखाला गुळगुळीत लागत असेल, तर नुसते शेल बदलून भागते. क्रँक ओरखडला असेल, तर तो उतरवून पाव किंवा अर्धा मिलिमीटर घासून त्या मापाचे जाड शेल घालावे लागतात, आणि दोन दिवस आणखी चालविला असेल, तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो व मग भंगारवालाच काय तो गिऱ्हाईक उरतो. शेल का गेले याचा छडा लावल्यावाचून नवे बसविणे व्यर्थ होय: ऑइल पंप, त्याची जाळी, तेलाच्या वाटा आणि रॉडचा सरळपणा हे सारे त्याच वेळी तपासून घ्यावे. जोडणी पूर्ण झाल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये. इंधन तोडून स्टार्टरवर थोडे थोडे फिरवावे, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत थांबावे, आणि मगच स्टार्ट मारून रेस न देता चेंबरच्या खाली स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकावे. पहिले काही शे किलोमीटर अर्ध्या मालावर, घाट टाळून गाडी चालवावी, त्यानंतर तेल व ऑइल फिल्टर बदलावा, आणि काढलेले जुने तेल फेकून देण्यापूर्वी पांढऱ्या फडक्यातून गाळून त्यात धातूची चमक राहिली आहे का ते उजेडात पाहून घ्यावे.